जाळे विणणारे विद्यार्थी

काही महिन्यांपूर्वी माझ्या मेजावर एक अर्ज येऊन पडला. आमच्या कार्यालयातील एका तरुण अधिकाऱ्याने संगणकांची जाळी आणि त्यांची सुरक्षा ह्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी दोन वर्षांची अध्ययनरजा मागितली होती. अर्ज खालून वर येता येता त्यावर दोन शेरे पडले होते. सदर विषयाचा कार्यालयीन कामकाजाशी प्रत्यक्ष संबंध दिसून येत नाही, असा पहिला शेरा होता. दुसरा शेरा अधिक विचारपूर्वक लिहिलेला होता. ज्या अभ्यासक्रमात परक्याच्या संगणकात शिरावयाचे कसे हे शिकविले जाते, तो अभ्यासक्रम शासकीय सेवकाने शासनाच्या वेतनावर करणे कितपत उचित होईल, असा प्रश्न त्यात विचारला होता.

पहिल्या शेऱ्याचे उत्तर देणे सोपे होते. आमच्या कार्यालयात आज बहुतेक कागद संगणकावाचून हलत नाही, आणि तेथेच परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेला मी स्वतः पाहिला आहे. अशा ठिकाणी हा विषय कामकाजाशी असंबद्ध आहे, असे कोण म्हणेल? दुसऱ्या शेऱ्याने मात्र मला अडविले. मी इतिहासाचा एम. ए.; संगणकाचे शास्त्र माझे नव्हे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर सुचेनासे झाले, की तो प्रश्न पूर्वी कोणास पडला होता काय, आणि पडला असल्यास त्याने काय केले, हे धुंडाळीत बसावयाचे, ही आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांची जुनी खोड आहे. तो अर्ज मी काही दिवस बाजूला ठेवला आणि ह्या विद्येचा इतिहास वाचावयास घेतला. त्या वाचनात जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

श्रोतेहो, पदव्युत्तर विद्यार्थी म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात वाकून बसलेला, शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहणारा, आणि ज्याचा प्रबंध परीक्षकांखेरीज बहुधा कोणी वाचणार नाही असा एक तरुण. परंतु संगणकांच्या जाळ्याचा इतिहास पाहू लागलो, तर ह्याच तरुणाला आपण पुनःपुन्हा भेटतो. जाळे विणण्यात त्याचा हात आहे, जाळ्याला कुलपे घडविण्यात त्याचा हात आहे, आणि एका प्रसंगी ते जाळे मोडण्यातही त्याचाच हात आहे.

१९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. ह्या घटनेने अमेरिका हादरली आणि १९५८ साली तेथील संरक्षण खात्यात प्रगत संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था निर्माण झाली. ‘आर्पा’ हे तिचे संक्षिप्त नाव. ह्या संस्थेच्या पैशाने अनेक विद्यापीठांत मोठमोठे संगणक बसविले गेले. एका ठिकाणचा संगणक दुसऱ्या ठिकाणच्या संशोधकास वापरता यावा, म्हणून ते एकमेकांस जोडण्याची कल्पना पुढे आली. प्रारंभी चार ठिकाणे निवडण्यात आली : लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि यूटा विद्यापीठ. संदेशाचे लहान लहान तुकडे करून ते वाटेला लावणारी यंत्रे एका खाजगी कंपनीकडून बनवून घेण्यात आली. प्रश्न उरला तो असा, की चार ठिकाणचे चार निरनिराळ्या जातींचे संगणक एकमेकांशी बोलणार कोणत्या भाषेत? संभाषणाचे नियम कोणी ठरवावयाचे?

हे काम ज्यांच्याकडे आले ते बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी होते. लॉस एंजेलिस येथे प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक ह्यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे तिघे तरुण काम करीत होते. योगायोग असा, की हे तिघेही व्हॅन नाइस नावाच्या एकाच माध्यमिक शाळेत शिकलेले होते. कोणी तरी अधिकारी माणूस येईल आणि नियम असे असावेत म्हणून सांगेल, अशी ही मंडळी पुष्कळ दिवस वाट पाहत होती. तसा कोणी आला नाही. अखेरीस आपण आपापसांत जे बोललो ते निदान लिहून तरी ठेवावे, असे ठरले. आपल्यासारख्या पोरांनी लिहिलेले वाचून कोणी वडीलधारे रागावतील, ही धास्ती क्रॉकरच्या मनात होतीच. घरातील मंडळींची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने रात्री न्हाणीघरात बसून पहिले टिपण लिहिले, आणि कोणास तो आगाऊपणा वाटू नये म्हणून ह्या टिपणांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायार्थ विनंती’, असे नाव दिले. त्या पहिल्या टिपणावर ७ एप्रिल १९६९ ही तारीख आहे.

‘अभिप्रायार्थ सादर’ हे शब्द आम्हां सरकारी नोकरांच्या रोजच्या परिचयाचे. आमच्याकडे ते बहुधा कागद पुढच्या मेजावर ढकलण्यासाठी वापरले जातात. ह्या विद्यार्थ्यांनी मात्र ते अक्षरशः खरे केले. कोणीही टिपण लिहावे, कोणीही ते वाचावे, कोणीही त्यातील चूक दाखवावी, आणि जे टिकेल ते नियम म्हणून वापरावे, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. पुढे जॉन पोस्टेल ह्याने ह्या टिपणांचे संपादन १९९८ मध्ये आपला मृत्यू होईपर्यंत सांभाळले. ह्या मालिकेतील टिपणांची संख्या आता नऊ हजारांच्या वर गेली असून जगाचे इंटरनेट मुख्यत्वेकरून त्यांतील नियमांवर चालते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिस येथील चार्ली क्लाइन नावाच्या एका विद्यार्थ्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयास प्रारंभ केला. पहिले अक्षर पोहोचले, दुसरे पोहोचले, आणि तिसऱ्या अक्षराच्या वेळी पलीकडचा संगणक कोसळला. दोष दुरुस्त करून तासाभराने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तो सफल झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर चारही ठिकाणे जोडली गेली.

जुन्या वाड्यात सगळी बिऱ्हाडे एकमेकांना ओळखीत असली, म्हणजे दिवसा कोणी खोलीला कुलूप घालीत नाही. त्या पहिल्या जाळ्याची स्थिती अशीच होती. जाळ्यावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्याला नावाने ओळखीत होता; तेव्हा कोण आत येतो, कशासाठी येतो, ह्याची चौकशी करण्याचे कोणास कारण पडले नाही. परंतु वाड्यात बिऱ्हाडे वाढली, तरी दिंडी दरवाजा उघडाच राहिला. ही गोष्ट ज्यांच्या लवकर ध्यानात आली त्यांपैकी बॉब मेटकाफ हा एक होय. हार्वर्ड विद्यापीठाने १९७२ साली त्याचा प्रबंध, त्यात सिद्धांताचा भाग पुरेसा नाही म्हणून, परत पाठविला होता. हवाई बेटांवर तेथील विद्यापीठाने रेडिओच्या साहाय्याने एक संगणकजाळे चालविले होते. त्याचा अभ्यास जोडून मेटकाफने प्रबंध पुन्हा लिहिला आणि १९७३ मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी त्याने ‘ईथरनेट’ ह्या जोडणीची कल्पना मांडली. आज जगभरच्या कार्यालयांत भिंतीतून संगणकाकडे जी तार येते, ती ह्याच कल्पनेची संतती आहे. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने एका अभिप्रायार्थ टिपणात सर्वांना सावध केले. परवलीचे शब्द सहज ओळखता येतील असे असतात. जाळ्यात शिरण्याचे दूरध्वनी क्रमांक नको त्यांच्या हाती गेले आहेत. आणि एका संगणकाचा सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द तर लॉस एंजेलिसमधील शाळेत जाणाऱ्या दोन मुलांनी शोधून काढला आहे, असे त्यात नमूद आहे. हे टिपण सर्वांच्या हाती गेले. दरवाजा मात्र पुढेही पुष्कळ वर्षे उघडाच राहिला.

आता कुलपांकडे वळू. गुप्त संदेश पाठविण्याची विद्या फार जुनी आहे. परंतु तिच्यात एक अडचण प्रथमपासून होती. संदेश बंद करणारा आणि उघडणारा ह्या दोघांपाशी एकच किल्ली असावी लागे, आणि ती किल्ली आधी विश्वासू जासुदाच्या हाती पाठवावी लागे. राजांना आणि सेनापतींना हे परवडत होते. परंतु एकमेकांस कधीही न भेटलेली लक्षावधी माणसे जाळ्यावर आली, तर इतके जासूद आणावयाचे कोठून?

१९७४ च्या शरदऋतूत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकसुरक्षेचा एक वर्ग चालत असे. त्या वर्गात राल्फ मर्कल ह्या तरुण विद्यार्थ्याने ह्या अडचणीवर एक उपाय सुचविला. त्याची कल्पना सामान्य माणसासही समजेल अशी आहे. समजा, मी आपल्याकडे उघड्यावरून दहा हजार लहान कोडी पाठविली. प्रत्येक कोड्याच्या पोटात एक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली दडलेली आहे. आपण त्यांतील कोणतेही एक उचलावे, मिनिटभर खपून ते सोडवावे आणि आतील क्रमांक तेवढा मला मोठ्याने सांगावा. कोड्यांची यादी माझ्यापाशी असल्यामुळे किल्ली कोणती हे मला तत्काळ कळेल. चोरून ऐकणाऱ्यास मात्र तो क्रमांक कोणत्या कोड्यात आहे हे ठाऊक नसल्यामुळे कोडी एकामागून एक सोडवीत बसावे लागेल, आणि सरासरी पाच हजार मिनिटे, म्हणजे सुमारे साडेतीन दिवस, त्याला खपावे लागेल. कोडी वाढविली आणि अधिक कठीण केली, तर हे अंतर कितीही वाढविता येते. भेट झाली नाही, जासूद गेला नाही, तरी दोघांपाशी एक गुपित निर्माण झाले.

ही सूचना वर्गाचा प्रकल्प म्हणून स्वीकारली गेली नाही. मर्कलने तो वर्ग सोडून दिला. विचार सोडला नाही. त्याने एका नियतकालिकाकडे निबंध पाठविला, तोही प्रथम नाकारला गेला आणि अखेर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यंतरी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक मार्टिन हेलमन आणि त्यांचे सहकारी व्हिटफील्ड डिफी हे ह्याच प्रश्नाशी झगडत होते. डिफी डॉक्टरेटचा विद्यार्थी म्हणून तेथे नाव घालून होता. परंतु पदवी पुरी करण्यापेक्षा प्रश्न पुरा करण्याची ओढ त्याला अधिक होती. ह्या दोघांचा युगप्रवर्तक निबंध नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. टपालपेटीत पत्र कोणीही टाकावे, परंतु ती उघडावी मात्र किल्ली असणाऱ्याने, अशी व्यवस्था गणिताच्या साहाय्याने करता येईल, असे त्यात दाखविले होते. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील तिघा संशोधकांनी दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि तो गुणाकार पुन्हा फोडणे अत्यंत कठीण, ह्या तत्त्वावर अशी पेटी प्रत्यक्ष बनविण्याची रीत शोधून काढली. मर्कलही स्टॅनफर्डला जाऊन हेलमन ह्यांचा विद्यार्थी झाला होता.

येथे आपल्या प्रश्नाला प्रथम तोंड फुटते. गुप्त लेखनाची विद्या तोवर सरकारांच्या बंद दालनांत नांदत आली होती. विद्यापीठांनी तिच्यात हात घालावा काय? जुलै १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एका कर्मचाऱ्याने, व्यक्तिशः म्हणून, विद्युत अभियंत्यांच्या संघटनेला एक पत्र लिहिले. अशा विषयावरील निबंध परदेशी लोकांच्या हाती पडू देणे हे शस्त्रास्त्रांच्या निर्यातीच्या नियमांचा भंग ठरू शकेल, असा इशारा त्यात होता. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात, एक परिषद भरावयाची होती. मर्कल आणि स्टीफन पोलिग हे हेलमन ह्यांचे दोन विद्यार्थी तेथे निबंध वाचणार होते. स्टॅनफर्डच्या विधिसल्लागारांचे म्हणणे असे पडले, की खटला झाल्यास विद्यापीठ आपल्या प्राध्यापकाचा बचाव करील; विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तशी हमी देता येणार नाही. आपण निबंध वाचणारच, असे दोघे विद्यार्थी प्रथम म्हणाले. परंतु घरच्यांची काळजी पाहून त्यांनी विचार बदलला. परिषदेच्या दिवशी दोघे विद्यार्थी व्यासपीठावर मूकपणे उभे राहिले आणि त्यांचे निबंध हेलमन ह्यांनी वाचले. खटला झाला नाही. परंतु विद्यार्थ्याच्या वाट्याचा धोका गुरूने आपल्या अंगावर घेतल्याचा हा प्रसंग मला ह्या साऱ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो.

ह्याला एक दुसरी बाजूही आहे, आणि सरकारी नोकर म्हणून ती सांगणे माझे कर्तव्य आहे. हीच कल्पना ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेशविभागात जेम्स एलिस ह्यांना १९७० सालीच सुचली होती. १९७३ मध्ये तेथे नुकताच रुजू झालेला क्लिफर्ड कॉक्स हा तरुण गणिती मूळसंख्यांच्या रीतीपर्यंत पोहोचला, आणि १९७४ मध्ये त्याचा सहकारी माल्कम विल्यमसन डिफी-हेलमन ह्यांच्यासारखीच रीत शोधून बसला. हे सर्व कागद ‘गुप्त’ असा शिक्का बसून कपाटात गेले, ते डिसेंबर १९९७ मध्ये प्रकट झाले. त्याच्या काही आठवडे आधी एलिस ह्यांचे निधन झाले होते. एकच ज्ञान दोन घरी जन्मले. एका घरी ते कपाटात राहिले, दुसऱ्या घरी ते चव्हाट्यावर आले, त्याची परीक्षा झाली, त्याच्यात सुधारणा झाल्या, आणि आज आपण पेढीचा व्यवहार दूरध्वनीवरून करतो तो त्या दुसऱ्या घरच्या ज्ञानाच्या आधाराने. काही कागद गुप्त ठेवणे शासनास आवश्यक असते, हे मी जाणतो. परंतु कुलूप कसे बनते हे गुप्त ठेवल्याने कुलूप मजबूत होत नाही. किल्ली गुप्त असली म्हणजे पुरे.

आता मोडतोडीकडे येऊ. १९८३ च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन ह्या विद्यार्थ्याच्या मनात एक विचार आला. एखाद्या आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीत शिरून तेथे स्वतःची प्रत काढली, आणि त्या प्रतीने पुढे तेच केले, तर काय होईल? त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन ह्यांनी अशा आज्ञावलीला ‘व्हायरस’ हे नाव दिले. आठवडाभरात रीतसर परवानगी मिळवून कोहेनने पाच प्रयोग केले. पाचही वेळा, एक तास होण्याच्या आत, संपूर्ण संगणक त्याच्या आज्ञावलीच्या स्वाधीन झाला. १० नोव्हेंबर रोजी त्याने आपल्या वर्गापुढे हे दाखविले. पुढे अधिक प्रयोगांची परवानगी मागितली, तेव्हा चालकांनी ती नाकारली. नाकारल्यावर कोहेन थांबला. आणि जे झाले होते ते त्याने लिहून प्रसिद्ध केले.

पाच वर्षांनी, १९८८ च्या नोव्हेंबरात, आपण पुन्हा त्याच इथाका गावी येतो. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट टॅपन मॉरिस हा पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी नुकताच दाखल झाला होता. त्याचे वडील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणकसुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ होते. मुलाने एक आज्ञावली लिहिली. टपाल वाहणाऱ्या आज्ञावलीतील एक फट, दुसऱ्या एका सेवेतील एक दोष, सोपे परवलीचे शब्द, आणि संगणकांनी एकमेकांवर ठेवलेला आंधळा विश्वास, ह्या चार वाटांनी ती एका यंत्रातून दुसऱ्यात जात असे. कोणाचा एकही कागद नष्ट करण्याची तिच्यात योजना नव्हती. एकाच यंत्रात तिची पुन्हा पुन्हा गर्दी होऊ नये म्हणून, आत अगोदरच प्रत आहे काय, हे ती विचारीत असे. परंतु कोणी खोटेच ‘आहे’ म्हणून सांगेल, ह्या शंकेने मॉरिसने असे ठरविले, की ‘आहे’ असे उत्तर आले तरी सातांतून एकदा तेथे राहावयाचेच. हा त्याचा हिशेब चुकला. २ नोव्हेंबरच्या सायंकाळी, आपला माग लागू नये म्हणून मॅसॅच्युसेट्समधील एका संगणकावरून, त्याने ती सोडली. आणि काही तासांत देशभरची यंत्रे तिच्या प्रतींच्या भाराने बसून गेली. साठ हजारांपैकी सहा हजार यंत्रे बाधित झाली, असा एक अंदाज त्या वेळी करण्यात आला. घाबरलेल्या मॉरिसच्या एका मित्राने उपाय सांगणारा निनावी संदेश जाळ्यावर पाठविला. परंतु जाळेच तुंबले असल्यामुळे तो वेळेवर पोहोचला नाही.

बर्कली आणि मॅसॅच्युसेट्स येथील तरुणांनी रात्र रात्र जागून त्या आज्ञावलीचा उलगडा केला आणि फटी बुजविल्या. जानेवारी १९९० मध्ये मॉरिस दोषी ठरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तासांची समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा झाली; कारावास झाला नाही. कॉर्नेलने त्याला निलंबित केले होते. पुढे हार्वर्डने त्याला अभ्यास पुरा करू दिला, १९९९ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली, आणि नंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत तो प्राध्यापक झाला. शिक्षा आणि क्षमा ह्या दोहोंची सांगड समाजाने येथे घातली, आणि मला वाटते, योग्य घातली.

कोहेन आणि मॉरिस ह्या दोघांची विद्या एकाच जातीची होती. दोघेही बुद्धिमान, दोघेही जिज्ञासू. फरक एवढाच, की एकाने ज्याचे यंत्र त्याला आधी विचारले आणि नकार मिळताच हात आवरला. दुसऱ्याने विचारलेच नाही. आमच्या कार्यालयातील दुसऱ्या शेऱ्याचे उत्तर मला येथे सापडले. परक्याच्या संगणकात कसे शिरता येते, हे जाणणे हा अपराध नव्हे. न विचारता शिरणे हा अपराध होय. आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे त्रेचाळिसावे कलम उघडून पाहावे. संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीवाचून, ह्याच शब्दांभोवती ते सारे कलम उभे आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास सहासष्टाव्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मॉरिसच्या प्रकरणाने एक चांगले काम केले. त्याच महिन्यात पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींच्या वेळी धावून जाणारे एक केंद्र स्थापन झाले. आपल्या देशात २००४ साली स्थापन झालेले ‘सर्ट-इन’ हे त्याच परंपरेतील आहे. जी विद्या विद्यार्थी आपापसांत, कधी रात्री चोरून शिकत होते, ती आता वर्गात, उजेडात शिकविली पाहिजे, ही जाणीव विद्यापीठांना झाली. १९९२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयाने माहितीच्या सुरक्षेचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ह्या विषयाची प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्याकडेही क्रम काहीसा असाच आहे. १९८६ साली भारत शासनाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे जाळे सुरू केले, ते विद्यापीठीय संशोधनासाठी. बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, तेव्हाच्या पाच आय. आय. टी. आणि मुंबईत जुहू येथे असलेले सॉफ्टवेअर तंत्रविद्येचे राष्ट्रीय केंद्र ह्या संस्था त्यात प्रारंभापासून होत्या. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडेही जाळे प्रथम विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या हाती आले. आणि २००५ पासून माहिती-सुरक्षेच्या शिक्षणासाठी शासनाची स्वतंत्र योजना असून तिच्या साहाय्याने देशातील अनेक संस्थांत हे पदव्युत्तर शिक्षण दिले जाऊ लागले.

ह्या अभ्यासक्रमात काय असते, हेही मी विचारून घेतले. मूळसंख्यांचे गणित असते, संदेशांच्या तुकड्यांचे नियम असतात, झालेल्या अपराधाचा माग काढण्याची रीत असते, कायदा असतो. आणि होय, शिरकाव करण्याचे शिक्षणही असते. परंतु बाहेरच्या जगाशी तोडून ठेवलेल्या जाळ्यावर, आणि प्रत्यक्ष कोणाच्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची असेल तर त्याची लेखी संमती घेऊन. फट कोठे आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला ती बुजविता यावयाची नाही. आपल्या जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, निवृत्तिवेतनाचे हिशेब आज ह्याच जाळ्यावर आहेत. ज्या म्हाताऱ्या माणसाचे निवृत्तिवेतन एखाद्या महिन्यात भलत्याच खात्यात जाते, त्याला मूळसंख्यांचे गणित कळत नाही. त्याने आम्हां कार्यालयातील माणसांवर विश्वास टाकलेला असतो.

हे सारे मनात घेऊन मी तो अर्ज पुन्हा पुढे ओढला. दुसरा शेरा लिहिणारे गृहस्थ माझ्याहून ज्येष्ठ आणि चोख कामाबद्दल प्रसिद्ध आहेत. त्यांना दुखवावयाचे नव्हते. त्यांच्या शंकेतील तथ्य मान्य करून मी लिहिले, की सदर अभ्यासक्रमात संमतीवाचून कोणाच्याही संगणकास हात न लावण्याची शिस्त शिकविली जाते, आणि कार्यालयास त्या शिस्तीची आज गरज आहे. सबब रजा मंजूर करण्याची शिफारस करण्यात येत आहे. खाली एक अट घातली. परत आल्यावर जे शिकले ते सहकाऱ्यांना शिकवावे, आणि त्याचा प्रारंभ पडद्यावर चिकटविलेल्या चिठ्ठ्या काढून टाकण्यापासून करावा.

कागद वर गेला. पंधरा दिवसांनी तो सहीनिशी खाली आला. त्या तरुण अधिकाऱ्याने निरोप घेताना मला विचारले, ‘साहेब, शेऱ्यावर एवढे दिवस का लागले?’ मी त्याला क्रॉकरच्या त्या पहिल्या टिपणाची गोष्ट सांगितली, आणि म्हटले, ‘अभिप्रायार्थ आलेल्या कागदावर खरोखरच अभिप्राय द्यावयाचा, तर थोडा वेळ लागतो.’